ओट्यावरचा पिवळा डाग

गुरुवार, १८ मार्च २००४. रक्कम बाराशे डॉलर. हजर चौघे: वादी मी आणि बायको, प्रतिवादी आमचे जुने घरमालक, पुण्याहून तीस वर्षांपूर्वी आलेले निवृत्त डॉक्टर, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमचे काका-काकू. जर्सी सिटीच्या कोर्टात आम्ही एकाच गाडीतून गेलो. काकांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून सकाळीच काकूंचा फोन आला, "तुम्ही तिकडेच चाललाय ना? मग आम्हालाही घ्या वाटेत."

घर सोडून दोन महिने झाले तरी काका बाराशेंचं डिपॉझिट परत देत नव्हते. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डाग राहिलाय, ओटा बदलावा लागेल, हे त्यांचं म्हणणं. इकडे नव्या घराचे अकराशे पन्नास शनिवारपर्यंत भरले नाहीत तर ते घर दुसऱ्याला जाणार होतं. आम्ही खोक्यांसकट मित्राच्या हॉलमध्ये मुक्कामाला.

छोट्या दाव्यांना इथे वकील लागत नाही. नावं पुकारली की आधी दोन्ही पक्षांना मध्यस्थाबरोबर शेजारच्या खोलीत पाठवतात. मिटलं तर ठीक, नाहीतर न्यायाधीशांपुढे.

आमच्या मध्यस्थ बाईंनी कायदा सांगितला : रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मग काकांना विचारलं, "तुमच्या स्वयंपाकात हळद रोज असते?"

"असते. पण सांडली की पुसायची असते!"

काकू मराठीत म्हणाल्या, "अहो, आपल्या मिक्सरखाली काय आहे, उचलून बघा एकदा. पंचवीस वर्षं झाकून ठेवलाय मी. माझं डिपॉझिट कापणार का?"

बायकोला हसू आवरेना. बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" काकांनीच इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता. मग स्वतःच हसले आणि डागाचे पैसे सोडले.

"पण बेडरूमच्या खिडकीचं ब्लाइंड तुम्ही मोडलंत!"

ते खरं होतं. "पंचेचाळीस डॉलर," मी म्हणालो. दुकानात किंमत बघूनच आलो होतो. आम्ही भरलेली दाव्याची फी आणि टपालखर्च मिळून बावीस डॉलर काकांनी सोसायचे ठरले.

"घरीच दिले असते तर हे बावीस वाचले असते," काकू म्हणाल्या.

"गप बस गं."

सह्या झाल्या, न्यायाधीशांनी कागद वाचून मंजूर केला. बाहेरच्या बाकावर काकांनी माझ्या नावे अकराशे सत्त्याहत्तरचा चेक लिहिला. परतताना चेक वटवायला चौघेही काकांच्या बँकेत थांबलो. शनिवारी अकराशे पन्नास नव्या घरमालकाला दिले आणि किल्ली घेतली.