फुगवलेले घड

माझ्या धाकट्या भावाची वाईनच्या द्राक्षांची बाग नर्सरीवाल्याने खोटी रोपं दिली म्हणून गेली, असं आमच्या गावात अजून सांगतात. ते खरं नाही. बाग माझ्यामुळे गेली. गेल्या हंगामापर्यंत हे फक्त मला माहीत होतं.

त्या हंगामात एकदा माझ्या नातीने आम्हा दोघा भावांना गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत जेवायला नेलं. "लोक मुंबईहून येतात, आणि तुम्ही नाशकात राहून एकदाही गेला नाहीत," असं ती कधीपासून म्हणत होती. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. व्हरांड्यातून धरणाचं पाणी दिसत होतं. पुढ्यात भट्टीतला पिझ्झा, चीजचे तुकडे आणि पेल्यांच्या तळाशी घोटघोट वाईन. भाऊ पेला गोल फिरवून वास घेऊ लागला.

"दादा, खोकल्याचं औषध पेल्यासारखं तोंड नको करू," तो म्हणाला. "लोक बघत्यात."

"आंबट आहे रे."

"मग? तुला काय श्रीखंड पाहिजे व्हतं?"

नात हसून हसून टेबलावर वाकली. मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं असे निवांत बसलो होतो.

जेवण अर्ध्यावर असतानाच वायनरीतली एक मुलगी पाहुण्यांना बाग दाखवायला घेऊन निघाली, म्हणून आम्हीही उठलो. घड तयार होते, मणी बारीक. "वाईनला असेच लागतात," ती म्हणाली. "मणी फुगला की रस पातळ होतो, गोडी भरत नाही."

"आमचे फुगले व्हते ना, ताई," भाऊ तिला सांगू लागला. "कंपनीनं सगळा माल नाकारला. नर्सरीवाल्यानं रोपंच दुसऱ्या जातीची दिली. शाळेपासूनचा मित्र व्हता माझा, बोला!"

मी तिथेच थांबलो, भाऊही मागे राहिला. नात त्या मुलीबरोबर पुढे गेली.

त्या वर्षी भावाची बायको मुंबईला दवाखान्यात होती आणि बाग तो माझ्यावर सोपवून गेला होता. जाताना बजावून गेला होता, "पाणी बेतानं दे, आणि घड बुडवू नको." खायच्या द्राक्षांचे घड आम्ही संजीवकाच्या पाण्यात बुडवतो, म्हणजे मणी टपोरे होतात. मी जन्मभर तेच केलं. त्याचे ते बारीक मणी बघवेनात. रस्त्याने जाणारे व्यापारी काय म्हणतील, असं वाटायचं. मी पाणी सढळ सोडलं, मजूर लावून सगळे घड बुडवून घेतले. भाऊ येऊन बघेल आणि खूश होईल, अशी माझी समजूत होती.

माल नाकारला गेला तेव्हा त्याने सरळ मित्राची गचांडी धरली, भर चौकात. मित्र शपथा घेत होता. मी बाजूला उभा होतो. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. भावाने बाग उपटून टोमॅटो लावले, तरी मी गप्पच.

"रोपं चांगली होती," वायनरीच्या त्या बागेत मी भावाला म्हणालो. "मी घड बुडवले होते."

तो माझ्याकडे वळला. "आन् पाणी?"

"तेही सोडलं."

"कशापायी?"

"बारीक दिसत होते. मला लाज वाटली."

तो जरासा हसला. "तुझा मोठेपणा दादा, माझ्या बागेत कशाला मिरवलास?" मग त्याचा चेहरा उतरला. त्याने एक घड हातात घेतला. "पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलता तो. मी दारातून परतवून लावला त्याला."

परत टेबलावर आलो तेव्हा पिझ्झा गार झाला होता. नातीने तो बांधून घेतला. काय झालं ते तिने विचारलं नाही. गाडीत बसल्यावर भाऊ तिला एवढंच म्हणाला, "दिंडोरी रोडनं घे."

मित्राची नर्सरी अजून तिथेच आहे. फाटकापाशी गाडी थांबली. मी भावाची वाट बघत होतो, तो जागचा हलेना.

"सांगायचं तूच," तो म्हणाला. "तोवर मी नाय उतरत. कोणत्या तोंडानं उतरू?"

मी एकटा आत गेलो. म्हातारा झालेला तो माणूस रोपांच्या पिशव्यांना पाणी घालत होता. मला बघून त्याने पाइप खाली ठेवला, पण ये म्हणाला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माफीही मागितली. पाइपचं पाणी आमच्या पायांपाशी साचत होतं.

"तो कुठं हाय?" शेवटी त्याने विचारलं.

मी गाडीकडे हात केला. मला ओलांडून तो फाटकाबाहेर गेला आणि त्याने गाडीचं दार उघडलं.

"उतर आता," तो म्हणाला. "का चहा गाडीतच आणून देऊ?"