मन्मथअप्पा बाजारात बोलले

सोनपेठच्या बाजारपेठेत मन्मथअप्पांचं कापडाचं दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट. साठी ओलांडली तरी माणूस टापटीप. बोलणं मात्र मोजकं. जीव दोनच गोष्टींवर, एक दुकान आणि दुसरी त्यांची जुनी येझदी मोटारसायकल. गिऱ्हाईक नसलं की फडकं घेऊन तिच्याजवळ जायचे. गावात नव्या बुलेटी आल्या, पण अप्पांनी येझदी विकली नाही.

या अबोल माणसानं एक दुखणं बरेच दिवस दाबून ठेवलं होतं. लघवीला सारखं जावं लागे आणि गेलं तरी मोकळं होत नसे. दुकानात बसणं अवघड झालं तसं त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. बायकोच्या, चन्नबसम्मांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी विचारलं, तर अप्पा म्हणाले, वयच झालं आता. चन्नबसम्मांनी वाद घातला नाही. परभणीला दिलेल्या शिवानीला, म्हणजे लेकीला, फोन करून त्यांनी डॉक्टरांची वेळ ठरवली आणि पोरीला बरं नाही असं सांगून अप्पांना एसटीत बसवलं. आजारी पोरगी नाही, आपणच, हे अप्पांना दवाखान्याच्या दारात कळलं.

तपासणीत प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर निघाला. वेळेत सापडला म्हणून ऑपरेशनवर भागलं. पण त्यानंतरचे महिने वाईट गेले. लघवीवर ताबा राहत नसे, कपडे ओले होत. टापटीप राहणारा माणूस घराबाहेर पडेना. गावात सांगितलं होतं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चन्नबसम्मा रोज समोर बसून करून घेत. हळूहळू ताबा आला, अप्पा दुकानात बसू लागले.

पुढच्या वर्षी परभणीच्या काही हौशी मोटारसायकलवाल्यांनी रॅली काढायचं ठरवलं. परभणीहून गंगाखेडमार्गे सोनपेठला यायचं, ठेवणीतले कपडे घालून, आणि वाटेत थांबून पुरुषांच्या आजारांविषयी बोलायचं. जमलेल्या वर्गणीतून मोफत तपासणी शिबिर घ्यायचं. शिवानीनं हे भीतभीतच वडिलांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी येझदी मेकॅनिककडे उभी दिसली. डॉक्टरांची परवानगीही त्यांनी स्वतःच फोन करून घेतली.

रॅलीच्या दिवशी धोतर, काळं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात अप्पा परभणीहून निघाले. बाकीचे सगळे त्यांच्या पोरांच्या वयाचे. गंगाखेडच्या चौकात एका तरुणानं भाषण केलं, पण तोही लाजत, आडून आडून बोलला. ऐकणारे एकमेकांना कोपरानं ढोसत हसले. अप्पा बाजूला उभे राहून ते पाहत होते.

सोनपेठला त्या दिवशी आठवडी बाजार होता. गाड्या थांबल्या, लोक गोळा झाले. तोच तरुण माईक हातात घेऊन बोलायला लागला, तेव्हा अप्पांनी त्याच्याकडून माईक मागून घेतला. गर्दीत सगळे ओळखीचेच होते. कित्येकांच्या लग्नाचं कापड त्यांनीच फाडलेलं.

"माझं हर्नियाचं ऑपरेशन न्हवतं," ते म्हणाले. "मला कॅन्सर होता, लघवीच्या जागंचा. मी शरमंपायी कुणाला सांगितलं न्हाई. बायकोनं फसवून दवाखान्यात नेलं म्हणून आज उभा हाय. तुमच्यातल्या कुणाला तशी तकलीफ असंल तर बायकोला फसवायला लावू नका. सोताहून जा."

कुणी हसलं नाही. भाजीवाल्या बायांच्या ओळीत चन्नबसम्मा उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

शिबिर शाळेत होतं, तिथेच सगळ्यांचं जेवण आणि अप्पांचा सत्कारही ठरला होता. अप्पा तिकडे निघाले तेवढ्यात भुजंगराव आडवे आले. हे अप्पांचे शाळेपासूनचे सोबती. नदीकाठी उसाची शेती, आवाज असा की बैलही दबावेत. ते अप्पांना बोळात घेऊन गेले आणि अगदी हळू म्हणाले, "मला बी तसंच व्हायलंय, अप्पा. लय दिवस झालं. पण इथं शाळेत न्हाई जमणार मला. सगळं गाव बघायलंय."

"मग परभणीला चल."

"उद्या जाऊ."

"उद्या तू यायचा न्हाईस. बस मागं."

आलेल्या वाटेनं अप्पा पुन्हा परभणीला निघाले. शाळेत हार तसाच राहिला. निघताना त्यांनी शिवानीला कळवलं होतं. तिनं अप्पांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, ते थांबले. भुजंगरावांची ग्रंथी नुसती सुजलेली निघाली, पण लघवी तुंबून मूत्रपिंडावर ताण आलेला होता. उपचारांनी ते बरे झाले.

त्यानंतर अप्पांच्या दुकानात एक नवीनच प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलं. धोतरजोडी बघतो म्हणायचं, उगाच घड्या उलगडायच्या आणि बाकीची माणसं गेली की आवाज उतरवून विचारायचं. अप्पा हातातली घडी बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतात. घाईत कुणाला वाटेला लावत नाहीत. एखादा फारच कचरला तर दुकान चन्नबसम्मांवर सोपवून येझदीला किक मारतात.