न भाजणारे पाय

तंजावरच्या आमच्या देवळात चार वाजता दार उघडलं तरी अंगणातला दगड तापलेलाच असायचा. आम्ही बायका उड्या मारत सावली गाठायचो. आमच्यातली एक मात्र सावकाश प्रदक्षिणा घालायची. "स्वामीची कृपा, अक्का. पाय भाजतच नाहीत," असं सांगायची. बायका तिला वाकून नमस्कार करायच्या.

मला साखरेचा रोग. दवाखान्यात दर बुधवारी नर्सबाई नव्या रंगीत टीव्हीवर चित्रं दाखवून पायांची काळजी शिकवायच्या. त्यामुळे तिची ती चाल बघून माझी तगमग व्हायची. शेवटी एकदा तिला खांबापाशी बसवलं आणि तिचाच तळवा वळवून दाखवला. अंगठ्याखाली मोठा फोड आला होता.

"हे कधी झालं?" तिनं मलाच विचारलं.

"तुला कळलं नाही ना? कृपा नव्हे गं, साखर आहे ही. पाय बधिर झालेत. अशीच चाललीस तर कापतील."

तिनं पाय साडीत ओढून घेतला. "साखरेपायी भात सोडला, कॉफी सोडली. घरात मला कुणी विचारत नाही. इथं नमस्कार करतात. तेही सोडू?"

"बुधवारी दवाखान्यात ये," एवढंच मी म्हटलं.

ती आली आणि सगळ्यांत मागे बसली. पुढे देवळातल्याच, तिला नमस्कार करणाऱ्या दोघी होत्या. नर्सबाईंनी विचारलं, "कुणाचे पाय बधिर आहेत?" तिचा हात मांडीवरच. मला राहवेना. मी तिचं मनगट धरून हात वर केला.

पुढच्या दोघींनी वळून पाहिलं.

"सोडा, अक्का," ती पुटपुटली.

मी सोडलं. तिनं हात खाली घेतला नाही.