बोली साहाय्य

"म्हणा मॅडम, पुन्हा एकदा. तुमच्यातल्या बायका कसा हेल काढतात, ते यांना ऐकू द्या."

नांदेडच्या त्या तालीम हॉलमध्ये खुर्ची एकच होती, हे म्हणणाऱ्या दिग्दर्शकांची. आम्ही बाकीचे सतरंजीवर. नारळ फुटला होता. माझ्या पहिल्या नाटकाचे पहिले वाचन चालू होते. तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, भीत भीत लिहिलेले नाटक.

ओळ आईची होती. अर्धापूरला केळीच्या बागांत मजुरी करणारी आई मला पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी सोडताना म्हणाली होती, "तू जा आत. म्या हितंच उभी ऱ्हाते."

मी म्हणून दाखवली. हशा पिकला.

"अजून ओढा. गावंढळ येऊ द्या."

दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा ओढली. आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

त्याच क्षणी लातूरच्या ताई आठवल्या. त्यांच्या नाट्यगटात मी दोन वर्षे नुसती बसून ऐकले होते. कोणी एखाद्या ओळीला हसले, की त्या तालीम थांबवीत. "आता हीच ओळ तुझ्या आईची आहे असं समजून म्हण," एवढेच सांगत. गट मोडला. मुले पुण्याला गेली. ताईंचे नाव आता लातुरातही कोणी घेत नाही.

"हं, चौथ्यांदा."

"न्हाई."

शब्द आईचाच होता. या वेळी तो दाखवण्यासाठी नव्हता. मी माझी संहिता उचलली.

"रागावलात? गंमत हो, मॅडम! न्या की. झेरॉक्स सगळ्यांकडं आहेत."

नाटक झाले. सर्वांत मोठा हशा आईच्या ओळीला. पत्रिकेवर लेखक म्हणून दिग्दर्शकांचे नाव. तळाशी बारीक अक्षरांत माझे, 'बोली साहाय्य'. जाब विचारला. "सामूहिक निर्मिती आहे," उत्तर मिळाले. सतरंजीवरचा एकही माणूस माझ्या बाजूने बोलला नाही.

आईने विचारले, "माजं बोलणं हाय का गं त्यात?"

"हाय."

"मंग? काय म्हनले लोकं?"



नवे नाटक लिहिते आहे. वाचन विष्णुपुरीला, माझ्या खोलीत. बहुधा कोणी येणार नाही. आले तरी खुर्ची ठेवणार नाही. आणि पहिल्या पानावर, माझ्या नावाच्याही आधी, लिहीन: हसणाऱ्यांत मीही होते.