पॉलिशची चूक

"हलू नका!" म्हणत मामा तळहात वर करायचे आणि आमची अख्खी प्रयोगशाळा जागच्या जागी थिजायची. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन दारात आले, तेव्हाही तोच तळहात. "जरा थांबा सर, सुई उतरतीया." प्राचार्य एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून उभे! आम्ही हसू दाबून लाल झालो होतो.

नगरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते कंत्राटी मदतनीस. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मी प्लॅस्टिकमध्ये अतिबारीक माती मिसळून ते किती कडक होतं हे मोजत होतो. हिऱ्याच्या टोकाची सुई त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर टेकवायची; खळगा इतका सूक्ष्म की डोळ्यांना दिसायचं नाव नको. शेजारून कुणी चप्पल घासत गेलं तरी आकडा बिघडे. भर एप्रिलात मामा पंखा बंद करायला लावत, आणि वर म्हणत, "घाम मागनं पुसा."

सुई टेकण्याआधी तुकडा आरशासारखा गुळगुळीत लागतो. ते काम मामांचं. जामखेडला धाकट्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्यांचा हात बसला होता. फिरत्या चकतीवर तुकडा धरून ते डोळे मिटून घेत. "डोळं फसवत्यात सर, बोटं न्हाई," म्हणत.

आता माझं सांगतो. माती मिसळायला चार तास लागतात. एके दिवशी सुप्याला मेहुण्याचा साखरपुडा होता, म्हणून मी दीड तासात मिसळायचं यंत्र बंद केलं आणि वहीत चार तास लिहिले. पिठलं नीट हाटलं नाही की गुठळ्या होतात, तशा मातीच्या गुठळ्या झाल्या. सुई गुठळीवर पडली की आकडा वर, नाहीतर खाली.

पुण्याहून तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "हे आकडे असे उड्या का मारतायत?"

मी म्हणालो, "पॉलिशमध्ये चूक झालीय."

मामा तिथेच उभे होते. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

पुढचे आठ दिवस त्यांनी सगळेच्या सगळे तुकडे पुन्हा घासले. आकडे अर्थातच तसेच. "परत चुकलं वाटतं, सर," ते हळूच म्हणाले. तेव्हा तरी बोलायचं ना! पण मी वहीत आकडे उतरवत राहिलो. जूनमध्ये त्यांचं कंत्राट संपलं. वाढवून द्या असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही शब्द टाकला नाही. मग मी गुपचूप चार तास मिसळून नवे तुकडे केले, ते दुसऱ्या माणसाने घासले, आकडे सरळ आले. सगळे म्हणाले, "म्हणजे मामांचाच घोळ होता." मी मान हलवली. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, मी स्वतःला त्याहून वाईट म्हणून घेतलंय.

गेल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी जामखेडला गेलो, तेव्हा खरं सांगायचंच म्हणून दुकान शोधलं. मामा गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांची नावं लिहीत होते. काचा भाऊ घासत होता.

"मामा, तुम्ही नाही घासत?"

"न्हाई सर. तुमचे तुकडे बिघडवले, तवापासनं ह्या बोटांवर भरवसाच न्हाई. लोकांच्या डोळ्यांचं काम हाय, चुकलं म्हंजी?"

भाऊ म्हणाला, "लई मनाला लावून घेतलंय, सर. तुमीच सांगा त्याला."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "असू द्या मामा. होतं असं कधीकधी. माझ्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं! मी, त्यांना!

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "लई दिवसाचं वझं उतरलं, सर," म्हणाले. मग माझी बॅग हिसकून घेऊन एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले, आणि गाडी हलेपर्यंत माझ्या खिडकीखाली उभे राहिले.