नुकुआलोफा कोळून प्यायलेला मित्र

मंडळी, आज इथे इंग्लंडात मेडनहेडला विनायककडे जेवायला गेलो. आमरस-पुरी फुकट होती, पण तिच्यापायी माझी वीस वर्षांची मैत्री गेली.

विनायक नुकताच पॅसिफिकमधल्या टोंगाला जाऊन आलाय. जेवणानंतर लॅपटॉपवर फोटो सुरू झाले. आमच्या अण्णांना सांभाळणारी सेला बरोबर होती. ती टोंगाच्या राजधानीतली, नुकुआलोफाची. सहा वर्षांत घरी गेलेली नाही. खुर्ची ओढून ती अगदी पुढे बसली.

फोटोत बंद दुकानं आणि ओस बाजार. विनायक तिला कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत म्हणाला, "इतकं आळशी गाव जगात नाही." मग मला मराठीत, "सगळं कोळून प्यायलोय मी."

सेला हळूच म्हणाली, "त्या बाजारात माझी आई अळूचे कंद विकते."

"मग फोटोत कुठेय? झोपली होती?"

सगळे हसले. सेलाने मान खाली घातली.

मी म्हणालो, "विन्या, तिची माफी माग."

"अरे, गंमत केली. कामवालीसाठी तू मला बोलणार?"

हो, बोललो. मीही या देशात भांडी घासूनच उभा राहिलोय. चुकलो असेन तर तुम्ही सांगा.

अण्णांना घेऊन निघालो. दारात वहिनींना विचारलं, "किती दिवस होतात तिथे?"

"कसले दिवस, भावजी. शनिवारी रात्री उतरलो, सोमवारी पहाटे विमान."

गाडीत मी हे सेलाला सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी आमच्याकडे कायद्यानेच बाजार बंद असतो."