काडीचे दुसरे टोक

गोकुळाच्या जातीत संसार मोडायला कागद लागत नसे. धानाची एक काडी पुरत असे. पंचांसमोर नवऱ्याने एक टोक धरायचे, बायकोने दुसरे. काडी मोडली की दोघेही मोकळे. सावलीपासून दोन कोसांवरच्या त्या तळ्याकाठच्या गावात या रीतीत कोणाला कधी उणे दिसले नव्हते. पण गोकुळाच्या काडीचे दुसरे टोक ज्याने धरायचे, तो मनसाराम आठ वर्षांपूर्वी बांबूतोडीला म्हणून धानोऱ्यापलीकडच्या रानात गेला होता आणि परत आला नव्हता.

तो भांडून गेला नव्हता. फाल्गुनात तळ्याचे पाणी खाली गेले की मासे धरणाऱ्या ढिवराच्या हातांना काम उरत नाही. गावातली आणखी चार माणसे निघाली, त्यांच्यासोबत हाही निघाला. जाताना खुंटीवर अर्धे विणलेले जाळे टांगून ठेवले, विणायची बांबूची सुई त्यातच अडकवली आणि म्हणाला, "आखाडीले येतो." बाकीचे चौघे आषाढाआधीच परतले. कोणी सांगितले, तो दुसऱ्या ठेक्यावर गेला. कोणी सांगितले, सिरोंच्याच्या बाजूने नदीपार उतरला. गोकुळा दोनदा धानोऱ्याला जाऊन विचारून आली. मेला असे कोणी म्हणाले नाही, पाहिला असेही कोणी म्हणाले नाही. घरात तिची सासू केसरबाई होती. दर आखाडीला ती जाळे खाली काढी, त्यावरची धूळ झटकी, सुई जागच्या जागी आहे हे बघे आणि पुन्हा टांगून ठेवी.

सावलीच्या बाजारात गोकुळा शिंगाडे विकी. तिच्या टोपलीशेजारी लटारूची वाळल्या मासळीची टोपली असे. लटारू चामोर्शीकडचा विधुर, वैनगंगा डोंग्याने ओलांडून येणारा. दोन वर्षे शेजारी बसल्यावर एके दिवशी, गिऱ्हाईक नसताना, तो मासळीवरच्या माश्या वारत म्हणाला, "मले घाई नाई. पण मी बुढा होऊन राह्यलो, एवढं ध्यानात ठेवजो."

गोकुळाला हसू आले. किती वर्षांनी आले, हे तिला घरी चालत जाताना कळले, आणि मग वाटभर रडू आले. मनसाराम आठवत नाही असा दिवस जात नव्हता. आणि संध्याकाळी कोणीतरी 'जेवली काय व?' असे विचारावे, हेही आता रोज वाटू लागले होते. एका जिवात दोन ओढी मावत होत्या, याचे तिलाच नवल वाटे.

गोकुळा पंचांकडे गेली. पंचांत झिंगूचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "काडी एकट्यानं मोडत नसते, बाई. मेला म्हण, बांगड्या फोड, मंग खुशाल पाट लाव. आठ वर्सं का थोडे होतात?"

"तुमी पायलं त्याले मेलेला?"

"तू पायलं जित्ता?"

सगळे हसले. गोकुळा मनगटावर हात दाबून उठली. "मंग मी सरकारी काडी मोडीन," ती म्हणाली.

चंद्रपूरला निघताना केसरबाईने तिला दारात थांबवले. म्हातारीने अडवले नाही, रागही धरला नाही. "जाय बाई. तुह्या जिवाचं तू पाह्य. पण माह्या लेकाले मारून येऊ नोको."

हे वाक्य आणि पदराच्या गाठीत बांधलेली एक धानाची काडी एवढे घेऊन गोकुळा वकील शोधायला गेली. काडी कोर्टातही लागेल, अशी तिची समजूत होती.

पहिला वकील गावच्या पाटलाने सांगितलेला. मोठी पाटी, भिंतीला टेकून बसलेले पक्षकार. त्याने वर न पाहताच विचारले, "किती वर्षं झाली?"

"आठ."

"मग काम सोपं. सात वर्षं ठावठिकाणा नाही म्हणजे कायद्याच्या नजरेत तो मेला. दोन साक्षीदार आण."

"मेला नोको लिवू, साहेब."

"अगं, कागदावर. खरोखर कोण मारतंय?"

"घरी त्याची माय आहे," गोकुळा म्हणाली आणि उठली. मागून वकिलाचा मुनशी म्हणाला, "मोकळंही व्हायचंय आणि नवराही जिता पायजे! वा!"

दुसरा वकील बोलायला गोड होता. त्याने मेल्याचा विषयच काढला नाही. "मारत होता असं लिहू. दारू पिऊन छळ करायचा. असे दावे मी कितीतरी जिंकलेत."

"त्यानं मले बोट नाई लावलं कधी."

"त्याला कुठे कळणार आहे?"

"आला तं कळंन ना," गोकुळा म्हणाली. वकिलाने चष्मा काढून तिच्याकडे पाहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिसऱ्याचे नाव हरिदास दुर्गे. तो सावलीकडच्याच एका बौद्ध कुटुंबातला. त्याला मुनशी नव्हता, पाटीही नव्हती. कोर्टाच्या आवारात टिनाच्या छपराखाली एक टेबल होते. शिंगाडे घेणाऱ्या एका बाईने त्याचे नाव सांगितले होते, तेही 'लई चालत नाई बिचाऱ्याचं' अशा शब्दांत. गोकुळाने त्याच्यासमोर पदराची गाठ सोडून काडी टेबलावर ठेवली आणि विचारले, "त्याच्याकडून हे कोण धरंन, भाऊ?"

तो हसला नाही. "आमच्या आजाच्या वक्ती आमच्यातही असंच काही होतं म्हणतात," तो म्हणाला. "कोर्टात कोणी नाही धरत. तिथं कागदच असतो." मग त्याने कागद पुढे ओढला नाही, पेनचे टोपणही काढले नाही. "माणूस कसा होता?"

आठ वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. कुठे गेला, काय पाठवतो, मेला का, एवढेच लोक विचारत. गोकुळा बोलू लागली. तो पाण्यात उतरताना आधी तळहाताने पाणी कपाळाला लावायचा. बारीक मासळी जाळ्यात आली तर परत सोडायचा आणि 'जाय, मायले सांग' म्हणायचा. भात उष्टा राहिला तर रागवायचा, पण स्वतः उठून झाकून ठेवायचा. ती बोलत राहिली आणि दुर्गे ऐकत राहिला. दुसरा पक्षकार येऊन उभा राहून निघून गेला.

शेवटी तो म्हणाला, "कायद्याला दोन वर्षं पुरतात. सोडून गेला, परत आला नाही, एवढंच लिहू. तेवढंच खरं आहे. यात वेळ लागेल. त्याच्या नावानं समन्स निघेल, पेपरात नोटीस येईल. तारखेला शिपाई दारात उभा राहून तीनदा नाव पुकारेल."

"तीनदा? जोरानं?"

"जोरानं."

"मंग तुमीच घ्या माही केस," गोकुळा म्हणाली.

समन्स शेवटच्या ठाऊक पत्त्यावर, म्हणजे तिच्याच घरी आले. बेलीफाने विचारले, मनसाराम कुठे आहे? केसरबाई म्हणाली, "गेला आहे कामाले." त्याने कागद दाराला चिकटवला. म्हातारीला वाचता येत नव्हते. नाव कोणत्या ओळीत आहे ते तिने गोकुळाला विचारून घेतले आणि त्यावर बोट फिरवले. पाऊस सुरू होईपर्यंत तो कागद तिने निघू दिला नाही.

तारीख पंच्याऐंशीच्या पौषात लागली. लटारू सोबत आला, पण कोर्टाच्या पायरीवर चढला नाही. आवारातल्या चिंचेखाली बसून राहिला. अकराच्या सुमारास देवाजी नावाचा शिपाई दारात आला आणि त्याने पुकारले. आधी मनसाराम, मग त्याच्या बापाचे नाव, मग हाजिर हो. गोकुळाने दाराकडे पाहिले. दुसऱ्यांदा पुकारले तेव्हा व्हरांड्यातला एक माणूस वळला. त्याला खोकला आला होता. तिसऱ्यांदा पुकारले आणि देवाजी आत आला.

न्यायाधीशांनी विचारले, "तो जिवंत आहे की नाही, काही माहीत आहे?"

दुर्गेने मान खाली घातली. हे उत्तर त्याने तिला पढवले नव्हते.

"असंन, साहेब," गोकुळा म्हणाली. "मी सोडलेली बाई आहो. नवरा मेलेली रांड नाई."

मधल्या सुट्टीआधी निकाल सांगितला गेला. दुर्गेने बाहेर येऊन समजावले की कागद नंतर मिळेल, पण ती आजपासून मोकळी आहे. गोकुळाने मान हलवली. तरी ती निघाली नाही. देवाजी बाकावर बसून तंबाखू मळत होता, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, एक बार अजून पुकारा ना."

"आता काऊन व बाई? झालं ना तुमचं."

"माहं झालं. पण आमच्यात काडी मोडली का दोघंही मोकळे होतात. त्याले मालूम नाई ना."

देवाजीने तिच्याकडे पाहिले, मग दुर्गेकडे. तंबाखू तशीच मुठीत धरून तो उठला. या वेळी तो दारात थांबला नाही; पायऱ्या उतरून आवाराच्या फाटकापर्यंत गेला आणि रस्त्याकडे तोंड करून, आधीच्या तिन्ही वेळांपेक्षा मोठ्याने, त्याने मनसारामचे नाव पुकारले. चिंचेखालचा लटारू उठून उभा राहिला आणि डोक्यावरचा दुपट्टा काढून वाटेतून जरा बाजूला झाला.

गोकुळाने पदरात पुन्हा बांधलेली तीच काडी काढून एका टोकाला धरली होती. दुसरे टोक तिने रस्त्याकडे केले आणि वाट पाहिली.